न बोलावता आलेल्या मुली

साताऱ्याच्या आमच्या शाळेत स्नेहसंमेलन दणक्यात व्हायचं, पण आम्हा गाइडच्या मुलींचा खरा सण २२ फेब्रुवारी. चिंतन दिन. स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन पॉवेल यांचा जन्म १८५७चा, त्यांच्या पत्नी ओलेव्ह यांचा १८८९चा, आणि वाढदिवस दोघांचा एकच. म्हणून १९२६ साली अमेरिकेत भरलेल्या परिषदेत जगभरच्या गाइडसाठी हा दिवस ठरला.

आदल्या रात्री आई तांब्यात निखारे घालून स्कार्फला इस्त्री करून द्यायची. सकाळी झेंडा, प्रार्थना, गाइडच्या रीतीनं डाव्या हातानं हस्तांदोलन, आणि मग बाईंनी बसवलेली नाटिका. दरवर्षी तीच. तरी तिच्यासाठी जीव टाकायचो.

प्रसंग ४ सप्टेंबर १९०९चा. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला स्काउटचा मेळावा, हजारो मुलगे जमलेले. त्यात मुलींचा एक घोळका येतो, मुलग्यांसारख्याच टोप्या घालून, हातात काठ्या घेऊन. बेडन पॉवेल यांचं स्काउटचं पुस्तक त्यांनीही वाचलेलं असतं, माग काढायला, तंबू ठोकायला त्याही शिकलेल्या असतात. कित्येकींनी तर मुलगी आहे हे कळू नये म्हणून नावाची नुसती आद्याक्षरं लिहून स्काउटमध्ये नावंही नोंदवलेली. दहावीतली उंच मुलगी काजळाच्या मिशा काढून बेडन पॉवेल व्हायची. ‘तुम्ही कोण?’ असं तिनं दरडावून विचारायचं आणि आम्ही एका सुरात ‘आम्हीही स्काउटच!’

सहावीत असताना मी रांगेत तिसरी होते. एकटीला वाक्य नव्हतं, फक्त चालत यायचं. तालमीत माझी मान खाली जायची. बाईंनी मला जवळ घेतलं, वॉगल, म्हणजे स्कार्फची कडी, वर सरकवून स्कार्फ नीट केला आणि म्हणाल्या, “त्या मुलींना कुणी बोलावलं नव्हतं गं. तरी त्या आल्या. तशी चाल.”

पुढची गोष्ट बाई शेकोटीशी सांगायच्या. मुलींचं हे धाडस तेव्हा पुष्कळांना रुचलं नव्हतं. बेडन पॉवेलनी मुलींची संघटना वेगळी काढायचं ठरवलं आणि १९१०मध्ये ती बहिणीवर, ॲग्नेसवर, सोपवली. या ॲग्नेसबाई मधमाश्या पाळायच्या आणि फुग्यातून आकाशात जायच्या! ‘गाइड’ हे नाव मात्र हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवरच्या गाइड्स पलटणीवरून घेतलेलं. हे ऐकलं की आम्ही ताठ बसायचो. १९११मध्ये जबलपूरला आपल्याकडची पहिली कंपनी, म्हणजे गाइडचं पथक, निघाली, ती युरोपीय मुलींची. आपल्या मुलींना आत यायला आणखी काही वर्षं लागली, आणि हे सांगताना बाईंचा आवाज बदलायचा. पुढे ओलेव्हनी चळवळीची धुरा घेतली.

चिंतन दिनाची खरी मजा खऱ्या कमाईची. १९३२ साली पोलंडच्या परिषदेत बेल्जियमच्या एका प्रतिनिधीनं सुचवलं, की वाढदिवस म्हटला की भेट आलीच. मग ओलेव्हनी जगभरच्या गाइडना पत्र लिहून एकेक पेनी मागितली, गाइडच्या कामासाठी. आमची पेनी म्हणजे वह्या. जुन्या वह्यांतली कोरी पानं सोडवायची, दाभणानं तीन भोकं पाडायची, मेणाचा दोरा ओवून रीफ नॉट ही न सरकणारी गाठ मारायची. चुकीची गाठ ओढताक्षणी सरकते. माझी सरकायची. वही एक रुपयाला. चिंचेच्या पारावर गोणपाट अंथरून विकायचो आणि पैसे बिस्किटांच्या पिवळ्या डब्यात पडायचे. तो खणखणाट अजून कानात आहे.

एका वर्षी डबा घेऊन एसटीनं पुण्याला गेलो, आळंदी रस्त्यावरच्या ‘संगम’ला. जगात गाइडची जागतिक केंद्रं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यातलं एक आपल्या पुण्यात! १९६६मध्ये ओलेव्ह स्वतः त्याच्या उद्घाटनाला आल्या होत्या. तिथं एका परदेशी ताईनं डावा हात पुढे केला. मला तिची भाषा येत नव्हती, तिला माझी. मीही डावा हात दिला. माझ्या स्कार्फच्या टोकाची गाठ बघून ती हसली आणि स्वतःची दाखवली.

गेल्या वर्षी शाळेनं माजी गाइडना बोलावलं. बाई आता नाहीत. नाटिका तीच, काजळाच्या मिशा त्याच. माझी नजर रांगेतल्या तिसऱ्या मुलीवर होती. इवलीशी, दोन घट्ट वेण्या. ती समोर बघत सरळ चालत आली.