एन्काउंटरला पेढे, मावळला निषेध

मावळचा गोळीबार पुण्यात अजून कोणी विसरलेलं नाही. ९ ऑगस्ट २०११, पवना धरणाचं पाणी बंद पाईपलाईनने पिंपरी चिंचवडला न्यायला विरोध म्हणून शेतकऱ्यांनी बऊरजवळ एक्सप्रेसवे अडवला, पोलिसांनी गोळ्या झाडल्या, तीन जण गेले, त्यात एक बाई. तेव्हा कुठल्याही कट्ट्यावर जा, एकच वाक्य, "शेतकऱ्यांवर गोळ्या? ते काय अतिरेकी आहेत का?" बरोबरच होतं ते. पण तेच लोक, अगदी तेच, मी नावानिशी ओळखतो, २०२४ ला बदलापूरच्या आरोपीला पोलिसांनी व्हॅनमध्ये मारलं तेव्हा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाळ्या टाकत होते. म्हणजे आपला विरोध गोळीला नसतोच, लागली कोणाला ते बघून आपण ठरवतो.

आधीच सांगतो, दोन चिमुरड्यांवर अत्याचाराचा आरोप होता, मला त्या माणसाची दयाबिया आलेली नाही. माझा प्रश्न त्या व्हॅनबद्दल आहे. तळोजा जेलमधून त्याला घेऊन निघाले, मुंब्रा बायपासला म्हणे त्याने पोलिसाचं पिस्तूल खेचलं आणि गोळी झाडली, म्हणून अधिकाऱ्याने त्याला गोळी घातली, ती थेट डोक्यात. गाडीत आरोपी एक, पोलीस चार आणि वर ड्रायव्हर. हायकोर्टाने दोनच दिवसांत विचारलं की पिस्तूल लॉक नव्हतं का, एवढ्या जणांना एक माणूस आवरला नाही का, हातपाय सोडून डोकंच का. आपल्या ग्रुपवर इतके इंजिनियर आहेत, एकालाही हे सुचलं नाही. मग जानेवारी २०२५ ला मॅजिस्ट्रेटचा चौकशी अहवाल आला, पिस्तुलावर त्याच्या बोटांचे ठसे नाहीत, इतकं बळ वापरायची गरज नव्हती, पाचही जण जबाबदार. तोपर्यंत मुंबईत गृहमंत्र्यांच्या हातात बंदूक दाखवलेले 'बदला पुरा'चे बॅनर लागून गेले होते.

आणि तारीख बघा. एन्काउंटर झाला २३ सप्टेंबर २०२४ ला. बरोब्बर दहा वर्षं आधी, २३ सप्टेंबर २०१४ ला, सुप्रीम कोर्टाने एन्काउंटरचे नियम घालून दिले होते आणि ते सुद्धा महाराष्ट्राच्याच केसमध्ये. एफआयआर झालाच पाहिजे, तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या पोलीस ठाण्याने करायचा, मॅजिस्ट्रेटची चौकशी, हत्यारं तपासणीला द्यायची, लगेच बक्षीस प्रमोशन नाही. सगळं कागदावर आहे. पण सरकारी नोकराने ड्युटीवर असताना केलेलं कृत्य म्हटलं की खटल्याला सरकारची परवानगी लागते असा वाद उभा राहतोच, आणि परवानगी देणार कोण, तर ज्यांच्या नावाने बॅनर लागतात ते.

लखनभैया, म्हणजे छोटा राजन टोळीतला म्हणून संशय असलेला रामनारायण गुप्ता, त्याचं प्रकरण वाचा कधीतरी. नोव्हेंबर २००६, वाशीतून उचलला आणि त्याच रात्री वर्सोव्यात एन्काउंटर दाखवला. त्याचा भाऊ वकील, त्याने भावाला उचलल्याचं कळताच तारा आणि फॅक्स केले, त्यामुळे पुरावा राहिला, नाहीतर फाईल तिथेच बंद होती. मुख्य साक्षीदार साक्षीच्या तोंडावर गायब झाला आणि त्याचा मृतदेहच सापडला. २०१३ ला पोलिसांना जन्मठेप झाली, २०१५ ला सरकारने त्यातल्या अकरा दोषींची शिक्षाच स्थगित करून त्यांना बाहेर काढलं, हायकोर्टाने तो निर्णय रद्द केला, आणि २०१३ ला निर्दोष सुटलेले एन्काउंटर स्पेशालिस्ट पोलीस अधिकारी प्रदीप शर्मा, त्यांना जन्मठेप व्हायला मार्च २०२४ उजाडला. वकील भाऊ असूनही सतरा वर्षं!

आता पालावर राहणाऱ्या पारध्याकडे कुठला वकील भाऊ असणार? १९९८ ला आपल्याच जिल्ह्यात, बारामतीत, एक पारधी माणूस पोलिसांच्या मारहाणीत मेला. किती पुणेकरांना माहितीये? इंग्रजांनी १८७१ ला कायदा करून पारध्यांसारख्या जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली, तो कायदा १९५२ ला गेला, पण अजून गावात चोरी झाली की पहिली गाडी पालावर जाते, आणि आपल्याला त्यात काही वावगं वाटत नाही कारण आपल्या सोसायटीत वॉचमन ठेवताना आपण पण आडनाव आणि गाव विचारतोच की. पोलीस काय मंगळावरून आलेले नाहीत, आपल्याच घरातले आहेत, आपल्या मनात जे असतं तेच त्यांच्याही मनात असतं, फक्त त्यांना कमरेला बंदूक लावून मिळते एवढाच फरक.

हे सगळं मी ग्रुपवर थोडक्यात लिहिलं तर एका काकांनी विचारलं, "मग असल्या नराधमांना पोसत बसायचं का?" म्हटलं काका, कसाब. हातात एके ४७ असलेला माणूस, तुकाराम ओंबळेंनी रायफलची नळी धरून ठेवली, गोळ्या खाल्ल्या, म्हणून जिवंत सापडला. सेशन कोर्ट, हायकोर्ट, सुप्रीम कोर्ट सगळं झालं आणि चार वर्षांच्या आत, २१ नोव्हेंबर २०१२ ला इथे येरवड्यात फाशी झाली.

काकांचा रिप्लाय लगेच आला, "आणि तोपर्यंत बिर्याणी खाऊ घातली त्याचं काय?" ती बिर्याणी कसाबच्या खटल्यातले सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी स्वतः रचलेली गोष्ट होती काका, त्यांनीच २०१५ ला सांगितलंय.