मिरचीच्या कोल्ड स्टोरेजपासून गच्चीपर्यंत: आमची वाटचाल

आमचा मूळ धंदा कोल्ड स्टोरेजचा. नागपुरात कळमन्याच्या बाजूला मिरची ठेवतात, त्या गोदामांच्या भिंतींना आणि छताला पफ, म्हणजे उष्णता अडवणारा पॉलियुरेथेन फोम, मारायचं काम आम्ही करायचो. घरांकडे वळलो ते अशाच एका मालकामुळे. "माझी मिरची थंड राहते अन् मी वरच्या मजल्यावर भाजतो. माझ्या गच्चीवर मारून द्या ना," म्हणाले. मे महिन्यात इथे पारा ४५च्या पुढे जातो. दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर खाली आग ओकतो, कूलर लावूनही झोप लागत नाही. त्यांच्या गच्चीवर ५० मिमीचा थर दिला. मग त्यांचं बघून शेजाऱ्याने बोलावलं, असं करत घरांची कामं वाढली.

काम बघायला माणसं जमतात. पफ दोन रसायनांचा बनतो: एका ड्रममध्ये आयसोसायनेट, दुसऱ्यात पॉलिओल. मशीन दोन्ही गरम करून सारख्या मापाने गनपर्यंत पोचवतं. फवारा स्लॅबवर पडतो आणि काही सेकंदांत दुधासारखा उतू येतो, पंचवीस-तीस पट फुगून टणक होतो. वारा असला की बारीक कण उडतात आणि शेजारच्या गाडीच्या काचेवर बसतात. मग खरवडत बसा! म्हणून आम्ही भल्या सकाळी सुरू करतो आणि गाड्या आधीच हलवायला लावतो.

१ जानेवारी २०२० पासून फोम फुगवायला वापरायचो ते एचसीएफसी-१४१बी नावाचं रसायन देशात बंद झालं. ओझोनला मारक होतं, बंद झालं ते बरंच झालं. पण नवा माल महाग, मशीनची सेटिंग वेगळी, आणि हात बसेपर्यंत लॉकडाऊन. त्या वर्षाबद्दल जास्त लिहीत नाही.

तोटे आम्ही पैशाच्या आधी बोलतो. पफला ऊन सोसत नाही. उघडा ठेवला तर पिवळा पडून भुकटी होतो, वरून कोटिंग किंवा कोबा हवाच. कोटिंग काही वर्षांनी पुन्हा करावं लागतं. स्लॅब गळका असेल तर आधी वॉटरप्रूफिंग करून घ्या. नाहीतर पाणी शिरतं एकीकडून आणि ठिबकतं भलत्याच खोलीत, मूळ जागा सापडत नाही. पफ काढायचा म्हटला तर छिन्नी घेऊनच बसावं लागतं.

छताच्या आतून मारायला आम्ही बहुतेक नाहीच म्हणतो. पफ पेटतो, धूर विषारी असतो. पफवर जिप्सम बोर्ड लावायची तयारी नसेल तर त्या कामाला हात लावत नाही. फवारणीच्या वाफेने दमा जडू शकतो, त्यामुळे बंद खोलीत आमची पोरं बाहेरून हवा पुरवणारा मास्क घालूनच शिरतात आणि घरच्यांना निदान दिवसभर बाहेर राहावं लागतं.

आणि पफ एसी नाही. तो उष्णता अडवतो, खोली थंड करत नाही. बजेट कमी असेल तर गच्चीला पांढरा रंग किंवा चुना मारा, त्यानेही बराच फरक पडतो. पैसे खरे वसूल होतात ते टिनाच्या छतावर: उकाडा कमी, पावसाचा ताशा बंद आणि बोल्टची भोकंही बुजतात.

ओल्या स्लॅबवर पफ धरत नाही, म्हणून पावसाळ्यात गच्चीची कामं बंद असतात. सगळ्यात जास्त फोन नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागल्यावर येतात आणि तेव्हा कामाचा नंबर लागत नाही. होळीच्या आधी सांगा. स्लॅब बघायला येतो, त्याचे पैसे घेत नाही.