ओदिनोचं पाणी, थिमलिचचे दगड : केनियाच्या लुओ मुलुखात तीन दिवस

ओदिनो धबधबा बघायला जाणार असाल तर एक गोष्ट आधीच सांगते, तिथे आता पूर्वीसारखं पाणी नाही. सोंडू-मिरिऊ नदीचा मोठा प्रवाह वरच्या अंगालाच वळवलाय आणि सहा किलोमीटरहून लांब बोगद्यातून 60 मेगावॉटच्या वीजकेंद्राकडे नेलाय. नदीत जेवढं सोडलं जातं, तेवढंच कड्यावरून पडतं. आम्ही फेब्रुवारीत गेलो, ऐन कोरड्या दिवसांत. कातळाचा एक भाग ओला, काळाभोर, शेवाळलेला आणि त्याला लागूनच एक रुंद पांढुरका पट्टा, वाळून खडखडीत झालेला. कधीकाळी पाणी कुठवर पसरायचं, ते त्या पट्ट्यावरून कळत होतं. मी तिथे बराच वेळ नुसती उभी होते.

पण सुरुवात किसुमूपासून करायला हवी.

नैरोबीहून विमानाने किसुमू तासाभराच्या आत येतं. बसने अख्खा दिवस जातो. शहर व्हिक्टोरिया सरोवराच्या काठावर आहे. या भागातला मूळ समाज म्हणजे लुओ लोक, ते या सरोवराला नाम लोल्वे म्हणतात. 1901 मध्ये मोंबासाहून निघालेली रेल्वे इथे पोचली. ती बांधायला हिंदुस्थानातून हजारो मजूर आणले होते. बाजारपेठेतली जुनी भारतीय दुकानं बघताना हे लक्षात असू द्या. पहिला अर्धा दिवस मात्र किसुमू म्युझियमला द्या. तिथे बेर-गी-दाला नावाचं पारंपरिक लुओ घरकुल उभारलेलं आहे. दाला म्हणजे नुसतं घर नव्हे, सगळ्या कुटुंबाचं आवार. थोरल्या बायकोचं, म्हणजे मिकायीचं घर कुठे, धाकटीचं कुठे, वयात आलेल्या मुलाची सिंबा ही झोपडी फाटकाजवळ का, हे सगळं तिथे समजून घेता येतं. हे बघितल्याशिवाय थिमलिच ओहिंगा या जुन्या दगडी वसाहतीत गेलात तर दगडांच्या भिंती दिसतील, त्यांच्या आतलं घर दिसणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर निघालो. आहेरोच्या आसपास दोन्ही बाजूंना भातखाचरं लागली. लावणी झालेली हिरवीगार शेतं बघून क्षणभर कोकणात असल्यासारखं वाटलं. पुढे कातितो आणि न्याकाचचा भाग. नदी माऊच्या जंगलात उगम पावते आणि इथे न्याबोंडोच्या पठारावरून खालच्या मैदानात उतरते. धबधबा त्या उतारावर आहे.

इथे आमची एक चूक झाली. ज्यांच्याकडून गाडी ठरवली होती त्यांनी ‘रस्ता माहीत आहे, वाटाड्या नको’ म्हणून सांगितलं आणि आम्ही ऐकलं. गाडी सोडून पायवाटेला लागलो, तर शेतातून एका आजोबांनी हाक मारली. रागावलेले नव्हते, पण कुठे निघालात, कोणाला विचारलंत, हे त्यांनी नीट विचारलं. आजूबाजूचे लोक धबधब्याला पवित्र मानतात, तिथे असं न विचारता जायचं नसतं. आम्ही माफी मागितली. त्यांना ‘जादुओंग’ म्हणायचं, म्हणजे वडीलधाऱ्यांना मान देऊन हाक मारायची, हे आम्हाला आमच्या ड्रायव्हरने तेव्हा शिकवलं. आजोबांनी नातवाला सोबत दिलं आणि पुढचे दोन तास तो मुलगा नसता तर निसरड्या कातळावर आमची खैर नव्हती.

या नदीसाठी इथले लोक भांडलेत, हे माहीत असू द्या. जपानच्या कर्जातून प्रकल्प सुरू झाला तेव्हा धबधब्याचं काय होणार, खालच्या गावांना पाणी मिळणार का, धूळ आणि नोकऱ्यांचं काय, हे प्रश्न गावकरी आणि पर्यावरणवाद्यांनी लावून धरले. अखेर 2001 मध्ये एक तांत्रिक समिती नेमली गेली आणि तीत स्थानिक लोक, संस्था आणि वीज कंपनी एकत्र बसले. नदीत कायम काही पाणी सोडत राहायचं, हे प्रकल्पाच्या अटींत आलं. मला विचाराल तर ते पाणी कमीच आहे. पण तेवढंही कोणी आपणहून दिलेलं नाही, मागून घेतलेलं आहे. म्हणून त्या मुलासारख्या वाटाड्याला रोख पैसे देताना घासाघीस करू नका. धबधबा जिवंत राहण्यात ज्यांचा जीव गुंतलाय, त्यांच्या हातात थेट काही पडतंय ही दुर्मीळ गोष्ट आहे.

होमा बे इथे मुक्कामाला जाताना केंडू बेजवळ सिंबी न्याइमा हे ज्वालामुखीच्या विवरातलं तळं लागतं. भुकेल्या म्हातारीला हाकलून देणारं गाव रात्रीत बुडालं, फक्त तिला आसरा देणारी बाई वाचली, अशी त्याची कथा आहे. कथा तिथल्याच कोणाकडून ऐका. आम्ही अर्धा तासच थांबलो.

तिसरा दिवस थिमलिच ओहिंगाचा. होमा बेहून रोदी कोपानी, न्धिवामार्गे गेलो. मिगोरीकडून आलात तर साधारण 46 किलोमीटर. 2018 मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा यादीत घेतलेली ही वसाहत बहुधा सोळाव्या शतकातली आहे. चुना नाही, माती नाही, नुसते दगडावर दगड. भिंती दीड मीटरपासून साडेचार मीटरपर्यंत उंच. आपल्याकडे कोकणात गडगा घालतात ना, त्याच जातीचं काम, पण आत माणसं, गुरं, लोहारकाम असं अख्खं गाव मावेल एवढं. आत शिरायची दारं मुद्दाम ठेंगणी ठेवली आहेत. मान खाली घातल्याशिवाय जाता येत नाही, म्हणजे येणारा शत्रू आधी वाकणार. आत जात्याचे दगड आहेत आणि एका खडकावर कोरलेला बाओ या खेळाचा पट. निवडुंगासारखी उंच झाडं आवारात वाढलीत. ती वाऱ्याने भिंतीवर कोसळली की नुकसान होतं.

सोबतच्या स्थानिक माणसाने चालता चालता पायाशी ढासळून पडलेला एक दगड उचलला. हातात फिरवला, भिंतीतल्या खाचेत धरून बघितला, काढला, उलटा केला, पुन्हा धरला. तिसऱ्या वेळी तो बसला. मग त्याने मागे एक चपटी कपची सारली आणि तळव्याने दाबून बघितलं. भिंतीची बाहेरची आणि आतली बाजू मोठ्या दगडांची, मधे बारीक दगड, असं ते काम त्याने मला हात लावून दाखवलं. 2000 मध्ये ही जागा वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड या संस्थेच्या धोक्यातल्या वारशाच्या यादीत होती. पुढे डागडुजी झाली ती इथल्याच लोकांच्या या कसबावर. ‘आमच्याकडे याला गडगा म्हणतात,’ मी सांगितलं. त्याने तो शब्द दोनदा म्हणून बघितला.

आता कामाच्या गोष्टी. भारतातून येणाऱ्यांना केनियासाठी प्रवासापूर्वी ऑनलाइन ईटीए, म्हणजे प्रवासाची परवानगी, काढावं लागतं. यलो फीव्हरची लस सरकारमान्य केंद्रातच घ्या आणि निदान 10 दिवस आधी घ्या. परतताना भारतात ते प्रमाणपत्र मागतात. हा सगळा भाग मलेरियाचा आहे, त्यामुळे गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारूनच निघा. सरोवरात पाय बुडवून बसायचा मोह होतो, तो टाळा, गोगलगायींमधून पसरणारा बिल्हार्झिया होऊ शकतो. पैसे एम-पेसावर, म्हणजे मोबाइलवरून, सगळीकडे चालतात, तरी सुट्या शिलिंगच्या नोटा ठेवा. शाकाहारी असाल तर किसुमूत अडचण नाही. पुढे मात्र कुओन, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि सोबत ओसुगाची किंचित कडसर पालेभाजी यावर भागवावं लागेल. मला ती भाजी फार आवडली. मासे खाणाऱ्यांनी तळलेला न्गेगे सोडू नये.

धबधब्याला पाणी हवं असेल तर मार्च ते मेचा मोठा पाऊस सरताना, जूनच्या सुमारास या. तेव्हा बुटांचे तळवे चांगले हवेत. थिमलिचहून मात्र कोणत्याही महिन्यात तीनच्या आत निघा. या भागात दुपारनंतर ढग भरून येतात आणि शेवटचा कच्चा रस्ता काळ्या मातीचा आहे. आमच्या पुढची एक गाडी अर्ध्या तासाच्या सरीत चाकांच्या आसापर्यंत रुतली आणि शेजारच्या दालातून सहा माणसं दोर घेऊन आली तेव्हाच निघाली.