आत्याचा तंबोरा आणि क्लीव्हलँडची कॅसेट

रविवार, रात्री साडेअकरा

दुपारपासून बर्फ पडतोय, लेक एरीवरून येतो तो, थांबला थांबला म्हणेपर्यंत परत सुरू. आज कुठे बाहेर जायचा प्रश्नच नव्हता म्हणून कालची कॅसेट शेवटी लावली.

काल लेकवुडला एका जुन्या रेकॉर्डच्या दुकानात तासभर खोकी उचकत बसलो होतो तेव्हा मिळाली, ४ डॉलर. कव्हर म्हणजे झेरॉक्स कागद, घडीवर झिजून पांढरा पडलेला, आणि कॅसेटवर बॉलपेनने फक्त मार्क मॅग्वायर एवढंच लिहिलेलं. अल्बमचं नाव नाही, साल नाही, कुणीतरी घरीच कॉपी करून घेतलेली असणार. हातात घेतली आणि परत खोक्यात ठेववेना.

मॅग्वायर इथलाच, क्लीव्हलँडचा. एमराल्ड्स म्हणून तिघांचा बँड होता, २००६ ला सुरू झाला, दोघं सिंथेसायझरवर, म्हणजे सिंथवर, आणि हा गिटारवर, आणि बँड चालू असतानाच हा एकटा घरी बसून गिटार रेकॉर्ड करत राहिला आणि कॅसेटवर, सीडी-आरवर काढत राहिला, ढीगभर. अशा कॅसेटी फार कमी निघतात, शंभरएक वगैरे, कधी त्याहून कमी, संपल्या की संपल्या. त्याच्या त्या ढिगातलं निवडक २०११ ला एडिशन्स मेगो या व्हिएन्नाच्या लेबलने डबल सीडीवर काढलं, मी त्याला ओळखतो तो त्या सीडीमुळे. ऑफिसला जाताना गाडीत किती वेळा ऐकली असेल, पण कॅसेटवर आज पहिल्यांदा.

माणूस एक, गिटार एक, पायाखाली लूप पेडलची डबी, आणि डिले, म्हणजे सूर थोड्या उशिराने परत ऐकवणारा. चारपाच सुरांचा तुकडा वाजवायचा, पेडल दाबलं की तो आपला आपण फिरत राहतो, मग त्यावर दुसरा तुकडा, त्यावर तिसरा, आणि दहा मिनिटांनी मूळचा तुकडा कुठला होता हे शोधूनही सापडत नाही, नुसतं एक चकाकणारं काहीतरी हळूहळू फिरत असतं. तबला नाही, ड्रम नाही, गाणं नाही. मला हे ऐकताना नेहमी मान्युएल ग्योट्शिंग आठवतो, बर्लिनचा गिटारवाला, त्याने १९७४ च्या उन्हाळ्यात चार ट्रॅकच्या टेप मशीनवर एकट्याने नुसत्या गिटारवर अख्खा अल्बम केला होता, लोकांना तो सिंथच वाटायचा. आणि त्याच्या दोन वर्षं आधी लंडनमध्ये ब्रायन ईनो या संगीतकाराच्या घरी रॉबर्ट फ्रिप या गिटारवाल्याने गिटार आणली आणि दोन रेव्हॉक्स टेप मशीन शेजारी ठेवून एकीवरची टेप दुसरीवर नेली, म्हणजे पहिलीवर जे रेकॉर्ड होतं ते काही सेकंदांनी दुसरीवर वाजतं आणि परत पहिलीत जातं. एक सूर वाजवला की तो विरत विरत किती तरी वेळ परत येत राहतो. आज जे पायातल्या डबीत होतं ते तेव्हा दोन मशीन आणि मधे ताणलेली टेप.

तर ही कॅसेट. पहिल्यांदा ऐकू आली ती खरखर. मग खाली गिटार. आणि मिनिटभराने जाणवलं की हे सीडीसारखं नाहीये. सीडीवर लूप दर फेरीला तंतोतंत तोच असतो, पेडलमधून तसाच निघतो. कॅसेटवर टेप सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकते, फार हळू आहे हा वेग, त्यामुळे मोटर जरा डगमगली, बेल्ट जरा सैल पडला की सूर केसभर वर जातो केसभर खाली येतो. माझ्या डेकचा बेल्ट मीच बदललाय गेल्या महिन्यात, अगदी शंभर टक्के बसलेला नाही. तेच चार सूर परत येतात पण दर वेळी थोडे वेगळे होऊन येतात. श्वास घेतल्यासारखे. मी डोळे मिटून बसलो होतो आणि एकदम उठून बसलो, कारण हा आवाज मला माहीत होता. गिटारचा नाही, त्या हलण्याचा.

मिरजेला आत्याकडे मे महिन्यात जायचो तेव्हा सकाळी सहाला उठवून ती मला तंबोऱ्यामागे बसवायची. मी दहा वर्षांचा. ब्राह्मणपुरीतलं घर, शहाबादी फरशी, उकाडा अजून सुरू व्हायचाय. ती गायची आणि मी चार तारा छेडायच्या, पंचम, जोड, जोड, खर्ज, आणि परत पंचम. तिची एकच सूचना, थांबू नकोस आणि घाई करू नकोस. मला ते जगातलं सगळ्यात कंटाळवाणं काम वाटायचं. बाकीची पोरं आंबे खात असायची आणि मी पंचम जोड जोड खर्ज. गाणं ती गातेय, मी काय करतोय, असं एकदा विचारलं होतं तर म्हणाली, तू गाणं धरून ठेवलंयस. मला तेव्हा ते समजूत काढल्यासारखं वाटलं.

तंबोरा तिथलाच, सितारमेकर गल्लीतला. एकदा ती जवारी लावायला, म्हणजे तारांखालची घोडी घासून आवाज खुलवायला, घेऊन गेली तेव्हा मी बरोबर होतो. भोपळे पंढरपूर मंगळवेढ्याकडून येतात हे तिथेच कळलं. कारागीर घोडी घासत होते, तार छेडायची, ऐकायचं, परत चिमूटभर घासायचं, आणि मग तारेखाली सुताचा दोरा सरकवला आणि तो जरासा पुढे गेल्याबरोबर तार एकदम उघडली, म्हणजे नुसता टणक आवाज होता त्यातून वरचे सूर फुटून बाहेर आले, मधमाश्यांसारखे. मी आत्याकडे बघितलं तर तिने डोळे मिटले होते.

आता मला हे रात्रभर झोपू देणार नाही, पण लिहूनच ठेवतो. फ्रिप आणि ईनोच्याही आधी, १९६३ ला, टेरी रायली या अमेरिकन संगीतकाराने पॅरिसमध्ये दोन टेप मशीनची ही युक्ती केली होती. तोच रायली १९७० ला गायक पंडित प्राणनाथांचा शिष्य झाला, प्राणनाथ त्या वर्षी न्यूयॉर्कला आले होते, ला माँट यंग हा दुसरा अमेरिकन संगीतकारही त्यांचाच शिष्य, आणि ही मंडळी वर्षानुवर्षं तंबोरा घेऊन बसली, जुळवत बसली, प्राणनाथांच्या मागे छेडत बसली. प्राणनाथ अब्दुल वहीद खाँसाहेबांचे शिष्य, म्हणजे किराना घराणं. आणि किराना म्हटलं की अब्दुल करीम खाँसाहेब, जे मिरजेत राहिले, १९३७ ला गेले आणि मिरजेच्याच दर्ग्यात त्यांची कबर आहे, दर वर्षी उरुसाला तिथे गाणं होतं, आत्या एकही वर्ष चुकवायची नाही. रायलीची टेप आधीची आणि तंबोरा नंतरचा, त्यामुळे लूप आपल्याकडून गेला असं मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. पण लूपवाला माणूस शेवटी जाऊन तंबोऱ्यामागे बसला, माझ्यासारखाच, फरक एवढाच की तो पस्तिशीत स्वतःहून बसला आणि मला दहाव्या वर्षी उठवून बसवावं लागलं.

ए साइड संपली, डेक खट्ट करून थांबला. बी साइड लावायच्या ऐवजी मी कपाटातला डबा काढला.

त्यात एक कॅसेट आहे, बाबांच्या अक्षरात, "ताई, रियाज, मे ९२". बाबांनी एकदाच तिचा रियाज टेप केला होता आणि टेपरेकॉर्डर ठेवला माझ्या शेजारी, कारण प्लग तिथे होता. त्यामुळे तंबोरा प्रचंड मोठा आला आणि आत्याचा आवाज पलीकडच्या खोलीतून आल्यासारखा. बाबांना शेवटपर्यंत त्याची हळहळ, ताईचं एवढंच रेकॉर्डिंग आणि तेही फुकट गेलं म्हणायचे. मी इकडे येताना बॅगेत घातली होती पण ऐकली कधीच नव्हती. आत्याला जाऊन सहा वर्षं झाली, धीर झाला नाही.

मॅग्वायरचा २०१० चा एक अल्बम आहे त्याची सुरुवात त्याच्या घरच्या जुन्या टेपने होते, लहानपणचे आवाज, आणि मग हळूच खालून गिटार येते. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ही कॅसेट डोळ्यांसमोर आली होती, आणि तरी डबा उघडला नव्हता.

हेड स्पिरिटने पुसलं, बोटाने टेप ताणून घेतली, लावली. खरखर. मग पंचम जोड जोड खर्ज. एवढा जवळून मी तंबोरा कधीच ऐकला नव्हता, कारण तेव्हा मी छेडत होतो, ऐकत नव्हतो. खर्ज पूर्ण विरायच्या आत पंचम येतो, आणि मधे ते मधमाश्यांचं. वेग सारखा हलतोय, थोडा मोटरचा, थोडा दहा वर्षांच्या बोटांचा, कुठला कुणाचा ते कळत नाही. आत्या लांबून तोडी गातेय. टेप खराब झालेली नाहीये बाबा. ती खूप चांगली आलीय.

वीसेक मिनिटांनी एका जागी मी घाई करतो. चारपाच आवर्तनं धावतात, बहुतेक बाहेर कुणीतरी हाक मारली असणार. आत्या गाणं थांबवत नाही, रागवत नाही, नुसता षड्ज लावते आणि धरून ठेवते, लांब, लांब, आणि मी हळूहळू परत वेगावर येतो.

तिथून टेप चार वेळा मागे घेऊन ऐकली. आता बारा वाजून गेलेत, उद्या ऑफिस आहे, बी साइड अजून राहिलीय.