मुंबई ते गोवा शिडाच्या होडीतून: बर्फ, बॅटरी आणि जेवण

हिवाळ्यात मुंबईहून गोव्याला शिडाची होडी न्यायची तर वारा सहसा साथ देतो. पहाटे जमिनीवरून येणारा मतलई वारा, दुपारनंतर वायव्येचा खारा वारा. दोन्ही दक्षिणेला जायला सोयीचे. अंतर 200 हून अधिक सागरी मैल. मुरुड, हर्णै, रत्नागिरी, देवगड, मालवण असे मुक्काम करत आम्ही तिघे गेलो. वाटेत सगळ्यात जास्त डोकं चालवावं लागलं ते अन्न थंड ठेवण्यासाठी.

होडीवर 12 व्होल्टची, 100 ॲम्पिअर-तासांची लेड-ॲसिड बॅटरी, 100 वॅटचं सौर पॅनेल आणि एक छोटा कंप्रेसर फ्रिज. अशी बॅटरी वारंवार निम्म्याखाली नेली की लवकर मरते, म्हणून वापरायला खरे 50च. कंप्रेसर चालू असताना साधारण 4 ॲम्पिअर घेतो आणि कोकणातल्या उकाड्यात जवळजवळ निम्मा वेळ चालूच असतो. दिवसाकाठी 45 ते 50 तिथेच गेले. पॅनेलवर शिडाची सावली पडते, त्यातून 25-30 मिळाले तरी पुष्कळ. शिवाय रात्रीचे दिवे, जीपीएस आणि व्हीएचएफ रेडिओ आहेतच. म्हणून माझं ठाम मत आहे: आपल्या किनाऱ्यावर छोट्या होडीने बर्फाला मुख्य धरावं आणि फ्रिजला मदतनीस.

कारण साधं आहे. 1 किलो बर्फ वितळताना 334 किलोज्यूल उष्णता शोषतो, म्हणजे सुमारे 93 वॅट-तास. 10 किलो बर्फाचं काम छोट्या कंप्रेसरकडून करून घ्यायचं तर बॅटरीतून 50 ते 60 ॲम्पिअर-तास जातील. अर्धी लादी पेटीत आली की एका बॅटरीहून जास्त थंडावा होडीवर चढतो. आणि मासेमारीच्या बंदरांवर बर्फाला तोटा नाही. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात सकाळी गेलात तर बोटींमध्ये बर्फ भरताना दिसेलच. तांडेलाला, म्हणजे बोटीच्या प्रमुखाला विचारा, कुठून घ्यायचा ते तो सांगेल. चुरा नको, अखंड तुकडा मागा. चुऱ्याचा पृष्ठभाग मोठा असल्यामुळे तो लवकर पाणी होतो. मात्र हा बर्फ मासळीसाठीचा असतो, सरबतात घालायचा नाही. खाण्याच्या वस्तू घट्ट झाकणाच्या डब्यांतच ठेवा.

पेटी वरून उघडणारी हवी, म्हणजे गार हवा सांडत नाही. युरोपातले दर्यावर्दी होडीच्या तळाशी सामान ठेवतात, कारण तिथला समुद्र गार असतो. आपल्याकडे हिवाळ्यातही पाणी 27-28 अंशांच्या आसपास, त्यामुळे तळाला टेकलेली पेटी खालून तापते. चारही बाजूंना आणि खाली 3-4 इंच फोम असू द्या. वितळलेलं पाणी काढायच्या नळीला एक वळसा ठेवा. त्यात पाणी अडून राहतं आणि नळीतून बाहेरची गरम हवा आत येत नाही. पिण्याच्या पाण्याला वेगळी पेटी करा, कारण ती सारखी उघडली जाते.

फ्रिज आम्ही ऊन चांगलं असताना, साधारण 10 ते 4, आणि बंदरात शिरताना इंजिन लावलं की चालवायचो. आत पाण्याच्या बाटल्या गोठवायच्या, रात्री फ्रिज बंद. बॅटरीपासून फ्रिजपर्यंतची तार जाड घ्या. बारीक तारेत व्होल्टेज पडतं आणि बॅटरीत जीव असूनही कंप्रेसर बंद होतो. त्याच्या मागे हवा खेळायला जागाही हवी.

एवढं करूनही सर्वांत मोठी बचत स्वयंपाकघरातच होते. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, मेतकूट, लसणीची कोरडी चटणी, सुकट, कोकमं, तूप, भाजणी यांना थंडावा लागतच नाही. न धुतलेली अंडी सावलीत बरेच दिवस टिकतात. दूध टेट्रापॅकचं घ्यायचं आणि रोज रात्री त्यालाच विरजण लावायचं. ताजी मासळी साठवू नका. संध्याकाळी हर्णैच्या लिलावातून घ्यावी आणि त्याच रात्री तव्यावर टाकावी. अशा बेताने पेटीत उरतं ते दही, कोथिंबीर-मिरच्या, थोडं लोणी आणि उरलेली आमटी. तेवढ्याला रत्नागिरीत घेतलेला बर्फ मालवणपर्यंत पुरतो, आणि तिथे पुन्हा भरता येतो.