मॉरिस मायनर : मागचे दोन्ही ड्रम निघाले

मंडळी, माझ्या मॉरिस मायनर या जुन्या ब्रिटिश मोटारीचे मागचे दोन्ही ब्रेक ड्रम बाहेर आले आणि दोन्ही शाबूत आहेत. शाबूत असणं मला जास्त मोलाचं वाटतं. बिडाचा ड्रम घण घालून निघतोही, पण कडेचा टवका उडाला किंवा तडा गेला की तो ड्रम भंगारातच.

वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाडीचे ड्रम ‘जाम’ आहेत असं आपण सरसकट म्हणतो, पण धरून ठेवणारी जागा दर वेळी वेगळी असते. कुठे ड्रमचं मधलं भोक हबवर (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागावर) गंजानं घट्ट बसलेलं असतं. कुठे ब्रेक शूवरचं घासणारं अस्तर, म्हणजे लायनिंगच, ड्रमला आतून चिकटलेलं असतं. कुठे शूंनी (ड्रमला आतून दाबणाऱ्या कमानींनी) घासून घासून खड्डा पाडलेला असतो आणि बाहेरच्या कडेला उरलेल्या ओठात ते अडकतात. हँडब्रेकची केबल ओढलेल्या स्थितीतच गंजली असेल, तर तीही भानगड असते. म्हणून हातोड्याला हात लावण्याआधी चाक फिरवून बघा. चाक फिरतंय पण ड्रम जराही बाहेर येत नाही, म्हणजे बहुधा हब. चाकच फिरत नाही, म्हणजे शू किंवा हँडब्रेक. ड्रम थोडासा बाहेर येऊन थबकतो, म्हणजे ओठ. माझ्याकडे उजवीकडे पहिला प्रकार होता, डावीकडे उरलेले.

मागची बाजू स्टँडवर, गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक सोडलेला. अशा वेळी गाडीला धरून ठेवणारं दुसरं काहीच नसतं, तेव्हा पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावल्याशिवाय खाली वाकायचं नाही.

उजवीकडे ड्रम धरणारे दोन स्क्रू आधी काढले. त्यांची डोकी ड्रममध्ये खोल बसलेली असतात आणि साध्या स्क्रू ड्रायव्हरनं खाच उडते, म्हणून हातोड्याच्या ठोक्यानं फिरणारा इम्पॅक्ट ड्रायव्हरच वापरला. मग हबभोवतीच्या बारीक फटीत आणि प्रत्येक स्टडच्या (चाकाचे नट बसतात त्या खुंटीच्या) मुळाशी गंज सोडवणारं तेल थेंबाथेंबानं सोडलं. पिचकारी मारायची नाही, तेल आत उतरून लायनिंग भिजवतं. रात्रभर मुरू दिलं आणि तांब्याच्या हातोड्यानं स्टडांच्या मधल्या सपाट भागावर ठोकायला घेतलं. दोन-चार ठोके, ड्रम थोडा फिरवायचा, पुन्हा दोन-चार. जोर लागत नाही, हादरा लागतो. सुरुवातीला तेल फटीवर नुसतं साचून होतं. ठोकता ठोकता ते आत ओढलं जाऊ लागलं आणि फटीतून तांबूस चिखल बाहेर आला. आवाजही बदलला : आधी भरीव ठक्क, मग किंचित घुमणारा. त्यानंतर दोन्ही हातांनी डावी-उजवीकडे हलवत ड्रम सरकला.

तीन पायांचा पुलर मुद्दाम लावला नाही. त्याचे पाय कडेला धरतात आणि मध्यभाग घट्ट असताना कड ओढली की ड्रम वाकू किंवा तडकू शकतो. गॅसची ज्योतही टाळली, कारण शू ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरचं रबर तिथेच असतं आणि गंज सोडवणारं तेलही भोवती मुरलेलं.

डावी बाजू खरी चिवट. मायनरचा अ‍ॅडजस्टर (शू ड्रमच्या जवळ-लांब करणारा स्क्रू) ड्रमच्या भोकातून स्क्रू ड्रायव्हर घालून ढिला करायचा असतो, आणि ते भोक त्याच्यासमोर आणायला ड्रम फिरावा लागतो. इथे तो फिरतच नव्हता. हँडब्रेकची केबल बॅक प्लेटमागच्या (ड्रममागच्या तबकडीमागच्या) लिव्हरवरून सोडवली आणि सिलिंडरमधला दाब सोडायचा ब्लीड निपल उघडला. ब्रेकचा जुना होज (रबरी नळी) आतून फुगून बंद झाला, तर सिलिंडरमध्ये दाब कोंडून राहतो. तरीही हालचाल नाही. मग चाक परत चढवून नट घट्ट केले आणि टायर धरून मागे-पुढे झटके दिले. टायरच्या व्यासामुळे हाताला चांगली ताकद मिळते. थोड्या वेळानं आतून ‘कट्’ असा स्पष्ट आवाज आला आणि चाक फिरलं. त्या एका आवाजानं झालेला आनंद तुम्हाला सांगायला नको!

भोक जागेवर आणून अ‍ॅडजस्टर उलट्या दिशेनं पूर्ण ढिला केला. ओठ बोटाला जाणवेल इतका होता, पण शू आत गेल्यावर ड्रम वाकडा न होऊ देता सरळ ओढला की निघतो.

हीच पद्धत सगळ्या गाड्यांना चालत नाही. फोक्सवॅगन बीटलच्या मागच्या चाकाला ड्रम आणि हब एकच असतात, ते अ‍ॅक्सलच्या खाचांवर बसतात आणि ३६ मिलिमीटरच्या नटानं आवळलेले असतात. तिथे पहिली लढाई त्या नटाशी.

आतली धूळ हवेच्या झोतानं उडवू नका, हे कळकळीनं सांगतो. जुन्या लायनिंगमध्ये फुप्फुसांना घातक असं अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. मी योग्य फिल्टरचा मास्क लावून, साबणाच्या पाण्यानं सगळं ओलं करून पुसलं आणि फडकी पिशवीत बांधून वेगळी ठेवली.

डाव्या सिलिंडरचा पिस्टन जाम आहे, तो बदलणार. दोन्हीकडची लायनिंग नवी लागतील. ड्रम लेथवर देण्याआधी व्यास मोजून बघायचा आहे. हबचा खांदा तारेच्या ब्रशनं चकचकीत केलाय, बसवताना त्यावर कॉपर ग्रीसचा अगदी पातळ हात देईन. त्यानंतर पुढचे ड्रम. गाडी १०९८ सीसीची, म्हणजे १९६२ किंवा त्यानंतरची, त्यामुळे पुढचे ड्रम ८ इंची आहेत आणि प्रत्येकात दोन अ‍ॅडजस्टर. दोन्ही चाकं हातानं फिरतात, एवढं आजच बघून ठेवलं.