बुधवारचा जुना बाजार आणि पांढऱ्या कागदाचा ३५ चा फ्यूज

मामांची मॉरिस मायनर गेली काही वर्षं सदाशिव पेठेतल्या वाड्याच्या पडवीत ताडपत्रीखाली होती, ती आता परत रस्त्यावर आणायची असं घरात ठरलंय. मायनर १०००, थेट इंग्लंडची, मामांच्या सासऱ्यांनी साठच्या दशकात मुंबईत कुणा परत निघालेल्या साहेबाकडून घेतलेली. (आपल्याकडे हिंदुस्तान मोटर्सने जुन्या मायनरची 'बेबी हिंदुस्तान' काढली होती, ती वेगळी.) बॉडी झाली, ब्रेक झाले, वायरिंगला हात घातला आणि फ्यूजबॉक्स उघडला तर आत एका जागी तांब्याची तार पिळून बसवलेली आणि दुसऱ्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी. कुठल्यातरी जुन्या मेकॅनिकची कृपा. गाडी पेटली नाही हे नशीब.

तर मुद्दा फ्यूजचा. या गाडीत फक्त दोन फ्यूज असतात, हो दोनच, आणि दोन स्पेअर तिथेच बॉक्समध्ये अडकवलेले. लुकास या इंग्लिश कंपनीचे, काचेचे. एक ए१-ए२ म्हणजे हॉर्न आणि आतला दिवा, चावी काढली तरी चालू राहणारं सगळं, आणि दुसरा ए३-ए४ म्हणजे चावी फिरवल्यावर चालणारं, वायपर, ब्रेक लाइट, पेट्रोलचा काटा वगैरे. हेडलाइटला फ्यूजच नाही! वायरचे रंग पण ठरलेले, तपकिरी म्हणजे थेट बॅटरीची, ती फ्यूजमधून गेली की जांभळी होते, आणि चावीची पांढरी फ्यूजमधून गेली की हिरवी, म्हणून डायग्राम हरवला तरी रंगावरून बऱ्यापैकी वाट सापडते.

या फ्यूजांची गंमत म्हणजे काचेच्या नळीच्या आत, तारेला लागून, कागदाची एक बारीक रंगीत पट्टी असते, तिच्यावर अँपिअर छापलेले. ३५ ला पांढरी, २५ ला गुलाबी. मामांना तीच हवी होती, आतल्या पट्टीसकट. नवीन कुठलाही बसवला तरी गाडी चालेल हे त्यांनाही माहितीये, पण २०२१ च्या नियमानुसार पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी म्हणून 'व्हीए' म्हणजे व्हिंटेज सिरीजचा नंबर घ्यायचाय आणि आता मामांच्या डोक्यात 'मूळ रूप' असं काही बसलंय की विचारू नका. आरटीओतला कोणी फ्यूजमध्ये डोकावणार नाही असं मामी म्हणाल्या, त्यावर मामा नुसते हसले.

बुधवार मुद्दाम निवडला कारण जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, आणि रविवारी पेठेतली बरीच दुकानं बंद. मामांनी नमुना म्हणून दिलेला एक उडालेला फ्यूज कुंकवाच्या डबीत कापूस घालून घेतला, व्हर्नियर घेतला, मल्टिमीटर पाठपिशवीत टाकला आणि चालतच निघालो, कारण या भागात गाडी घेऊन जाणं म्हणजे पार्किंग शोधण्यातच दिवस.

आधी तपकीर गल्ली. इथे इलेक्ट्रिकचं सगळं मिळतं, पण फ्यूज म्हणलं की समोरचा माणूस पाच बाय वीस मिलीमीटरचा रेडिओ-अँप्लिफायरचा फ्यूज काढून देतो. आपला त्यापेक्षा मोठा, सव्वा इंच लांब आणि पाव इंच जाड. एका दुकानात सव्वा इंची मिळाला पण आत कागद नाही, टोकाच्या धातूच्या टोपीवर बारीक कोरलेलं ३५. दुकानदार म्हणाला, "पस्तीसच मागताय ना तुम्ही, घ्या की." आणि नेमकं इथेच लोक फसतात.

लुकासच्या पट्टीवरचा ३५ म्हणजे एवढा करंट गेला की फ्यूज उडणार, तो आकडा उडण्याचा. कायम वाहून नेण्याची त्याची ताकद त्याच्या निम्मी, साधारण सतरा. नंतरच्या काही लुकास फ्यूजांवर दोन्ही आकडे छापलेले असतात. पण आज बाजारात मिळणाऱ्या अमेरिकन पद्धतीच्या काचेच्या फ्यूजवरचा ३५ म्हणजे तो पस्तीस अँपिअर आरामात नेणार, न उडता. आणि मायनरच्या त्या वायरची कुवत सतरा-साडेसतराची. म्हणजे वायरचं प्लास्टिक वितळून धूर निघेल, वायरींचा सगळा जुडगा जळेल, तरी हा पठ्ठ्या काचेच्या नळीत शाबूत. मग तांब्याच्या तारेत आणि याच्यात फरक काय राहिला? नवीनच घालायचा असेल तर १५ चा किंवा फार तर २० चा घ्यावा, आकडा जुळवायच्या नादात ३५ चा नाही. हे त्या दुकानदाराला सांगितलं तर तो म्हणाला, "गिऱ्हाईक मागतं ते आम्ही देतो." बरोबर आहे त्याचंही.

बोहरी आळीतून गर्दीत ढकलत, मध्ये एक अमृततुल्यचा चहा मारून, नाना पेठेत. इथे स्पेअर पार्टची दुकानं एकाला एक लागून, आता टू-व्हीलरचा माल जास्त पण एखाद्या दुकानात माळ्यावर जुनं अजून पडलेलं असतं. एका काकांनी सांगितलं की अॅम्बेसिडर धावत होत्या तोवर काचेच्या फ्यूजची पाकिटं ठेवायचो, आता कोण विचारतंय. मग त्यांनी एक खोका काढला, मी खूश, तर आत निघाले टॉर्पेडो, दोन्हीकडे निमुळते, चिनी मातीचे, वरून धातूची पट्टी. बीटल आणि जुन्या मर्सिडीजला लागतात ते. रंगीत होते आणि दिसायला फार देखणे, पण आमच्या कामाचे नाहीत.

रंगांचा घोळ बघा पण. टॉर्पेडोत पिवळा ५ चा, पांढरा ८, लाल १६, निळा २५. आत्ताच्या गाड्यांतल्या प्लास्टिकच्या ब्लेड फ्यूजमध्ये लाल १०, निळा १५ आणि पिवळा चक्क २०. आणि लुकासचा पांढरा ३५, तोही उडण्याचा. त्यामुळे नुसता रंग बघून 'पांढरा द्या' म्हणणारा माणूस कुठल्या देशाच्या गाडीबद्दल बोलतोय हे आधी विचारावं लागतं. अमेरिकन लोकांनी एक शहाणपणा केलेला, त्यांच्या एसएफई फ्यूजमध्ये अँपिअर वाढला की नळीची लांबीच वाढते, म्हणजे चुकीचा फ्यूज क्लिपमध्ये बसतच नाही. रंगापेक्षा मला हे पटतं.

काका म्हणाले, "जुन्या बाजारात जा, तिथं नाही मिळालं तर नाहीच." रास्ता पेठेतून केईएम हॉस्पिटलवरून मंगळवार पेठेत उतरलो. ऊन चांगलंच झालेलं. जुना बाजार म्हणजे जमिनीवर अंथरलेली प्लास्टिकं आणि त्यावर कुलपं, पितळी नळ, पान्हे, फोनचे डबे, कॅमेरे, एकाच पायाचा बूट, नाणी, सगळं एका पंगतीला. इथे 'फ्यूज आहे का' विचारायचं नसतं, नाही म्हणतात. उकिडवं बसायचं आणि डबे उपसायचे. रेडिओचे व्हॉल्व्ह घेऊन बसलेल्या एका दादांकडे बिस्किटाचा पत्र्याचा डबा होता, स्क्रू, बल्ब, कार्बन ब्रश यांची खिचडी, आणि तळाशी काचेच्या नळ्या. बऱ्याचशा रेडिओच्याच. पण त्यात काही लांब, टोप्या टोकाला निमुळत्या, आणि आत पिवळट पडलेला पांढरा कागद, त्यावर लुकास आणि ३५. एक गुलाबी २५ चा पण.

"कसे दिले?"

"पन्नासला एक."

"दादा, काचेच्या तुकड्याला पन्नास?"

"जुनं आहे ना साहेब. नवीन असतं तर दहाला दिलं असतं."

यावर काय बोलणार. ढिगाचा भाव ठरवला आणि तिथेच फुटपाथच्या कडेला बसून मल्टिमीटर लावला. एवढ्या जुन्या फ्यूजमध्ये तार दिसायला अखंड असते पण टोपीच्या आतलं सोल्डर सुटलेलं असतं, म्हणून मीटर लावून टोपी हलकेच हलवून बघायची, आकडा नाचला की तो बाद. टोप्यांवर हिरवं चढलेलं असेल तर तिथे रेझिस्टन्स वाढतो, फ्यूज न उडता नुसता तापत बसतो. दादा कौतुकाने बघत होते, म्हणाले असं तपासून घेणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच बघतोय. बाद झालेले मी परत डब्यात टाकले, त्यांनी तेही विकायला ठेवले असणार.

घरी मामांनी क्लिपा बारीक पॉलिश पेपरने घासल्या, चिमटीने थोड्या आवळल्या. बॅटरीची वायर काढलेलीच होती, या गाडीत प्लस बॉडीला असतो हे नव्या मेकॅनिकला प्रत्येक वेळी सांगावं लागतं. माझं म्हणणं होतं की जुने दोन स्पेअरच्या जागी दिसायला ठेवू आणि कामाला नवीन १५ चे लावू, कारण साठ वर्षांच्या सोल्डरवर माझा विश्वास नाही. बरीच घासाघीस झाली. शेवटी ए३-ए४ ला नवीन १५ चा, ए१-ए२ ला जुना, स्पेअरला दोन्ही जुने. वायपर, ब्रेक लाइट आणि काटा सगळं एकदम चालू करून करंट मोजला, दहाच्या आतच आला, म्हणजे पंधरालाही भरपूर जागा आहे. गुलाबी २५ चा मात्र मामांनी गाडीत ठेवू दिला नाही, उगाच कोणीतरी अडीनडीला काढून लावेल म्हणून.

आता त्यांना दारामागच्या खांबातून बाहेर येणाऱ्या इंडिकेटरच्या हाताचा तो तीन वॅटचा लांबट बल्ब हवाय. त्या दादांना विचारून ठेवलंय, रविवारी या म्हणालेत.